वासरांचा नायटा आणि रक्तातील जस्त

प्रश्न (गोपालक, सांगली जिल्हा)
माझ्या तीन कालवडींच्या डोळ्यांभोवती आणि मानेवर रुपयाएवढे गोल, राखाडी, खपली धरलेले चट्टे उठले आहेत. ऊसतोड सुरू झाल्यापासून वैरणीत वाढेच (उसाचे हिरवे शेंडे) जास्त आहेत. एकीच्या रक्ताच्या तपासणीत जस्त कमी निघाले. जस्त कमी पडल्यामुळेच नायटा झाला असेल का? मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) पाजावा, असाही सल्ला मिळाला आहे.

उत्तर (पशुवैद्यक)
नायटा ट्रायकोफायटॉन व्हेरुकोसम या बुरशीमुळे होतो, जस्ताच्या कमतरतेमुळे नव्हे. मात्र कातडीच्या पेशींची वाढ आणि प्रतिकारशक्ती या दोन्हींना जस्त लागत असल्याने, ते कमी असलेल्या वासरात बुरशीला पाय रोवणे सोपे जाते. घोळ असा की अंगात दाह असताना जस्त रक्तातून यकृताकडे वळते, त्यामुळे आजारी जनावराच्या रक्तात ते कमी दिसणे हे कारण नसून आजाराचा परिणामही असू शकते. तांबे तर दाहात उलट वाढलेले दिसते. म्हणून त्याच वयाच्या, तेच खाणाऱ्या दोन निरोगी कालवडींचे रक्तही तपासा. नमुना साध्या रबरी बुचाच्या नळीत घेऊ नये, कारण रबरातले जस्त त्यात उतरून आकडा फुगतो.

मोरचूद अजिबात पाजू नका, तांबे यकृतात साठून विषबाधा होते. कॅल्शियमची भुकटीही अंदाजाने वाढवू नका. जादा कॅल्शियम जस्ताचे शोषण अडवते.

उत्तर (दुग्धव्यावसायिक)
गेल्या हिवाळ्यात मी खनिज मिश्रण नेमाने दिले, तरीही नवीन वासरांना चट्टे येतच राहिले, कारण सगळ्यांना एकच खरारा फिरत होता आणि सगळी त्याच खुंट्याला अंग घाशीत होती. खपल्या हाताने काढल्या, तर आठवड्याभरात माझ्याच मनगटावर लाल कडे उमटले.

प्रश्नकर्ता
मग खनिज मिश्रण द्यायचे की नाही?

उत्तर (पशुवैद्यक)
द्यायचे, वाढ्यांवर पोसणाऱ्या जनावराला ते लागतेच. वासरांना दिवसाला वीस-पंचवीस ग्रॅम पुरे. परंतु बुरशीचे बीजाणू लाकडावर आणि खपल्यांत कित्येक महिने जिवंत राहतात. त्यामुळे बाधित कालवडी वेगळ्या बांधा, हातमोजे घालून खपल्या मऊ करून काढा आणि जाळा, चट्ट्यांवर आयोडीन लावा, खरारा व दावी ब्लीचच्या पाण्यात भिजवा. नायटा बहुधा दोन ते चार महिन्यांत आपोआप ओसरतो, त्यामुळे त्या काळात दिलेल्या प्रत्येक औषधाला यश मिळाल्यासारखे वाटते.