मदत हवी आहे: रोज मोदक किती करायचे, हे आकड्यांवरून ठरवता येईल का?

पार्लेकरीण

नमस्कार मंडळी. विषय खाण्याचा वाटेल, पण मुद्दाम पाककृती विभागात न टाकता इथे टाकतेय. मला कृती नको, हिशोब हवा आहे.

माझ्या मावशीचं पोळीभाजी केंद्र आहे. स्वयंपाकघर आणि मोठं दुकान पार्ले पूर्वेला, दुसरं छोटं दुकान दादरला स्टेशनजवळ. खरेदी आणि जमाखर्च मी बघते. पोळ्या-भाज्यांचं बस्तान बसलेलं आहे, बरेच डबे महिन्याचे लागलेले असतात. भांडण आहे ते उकडीच्या मोदकांवरून. ते काउंटरवर सुटे विकले जातात. कधी सात वाजताच ताट रिकामं, कधी रात्री शटर ओढताना तीस-चाळीस पडून. उकडीचा मोदक दुसऱ्या दिवशी विकायचा नाही हा मावशीचा नियम, आणि तो योग्यच आहे. शिळ्या मोदकाची पारी वातड होते, गिऱ्हाईक एका घासात ओळखतं.

किती करायचे यावर घरात तीन पक्ष. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या काकू कालचं बघून ठरवतात: काल उरले तर आज कमी, काल संपले तर आज जास्त. मावसभावाने नुकतंच एमबीए केलंय. त्याने वहीतली पार्ल्याची विक्री एक्सेलमध्ये भरली, सरासरी आली ११०, म्हणाला रोज ११० करा, विषय संपला. मावशीचं म्हणणं, दारात आलेलं माणूस परत जाता कामा नये, २०० करा. आणि माल उरला की ओरडतेही तीच.

याला काही शास्त्र आहे का? ऑपरेशन्स रिसर्च हे नाव ऐकून आहे, पण विमान कंपन्यांचं गणित आमच्या मोदकांना लागेल का? थोडीफार समीकरणं झेपतील.

आकडेमोड्या

लागेल. तुमचा प्रश्न त्या विषयात पेपरवाल्याच्या नावाने शिकवतात. किती अंक उचलायचे ते पहाटे ठरवायचं, गिऱ्हाईक नंतर येणार, उरलेल्याची रद्दी. १८८८ मध्ये एजवर्थ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने बँकेने रोकड किती हाताशी ठेवावी यासाठी हाच विचार केला होता. पुढे १९५१ मध्ये अ‍ॅरो, हॅरिस आणि मार्शाक यांनी मालाच्या साठ्यासाठी तो नीट बांधला.

आधी थोडी माहिती द्या. मोदक केवढ्याला विकता? एक मोदक जास्त केला तर खर्च किती वाढतो? उरलेल्यांचं काय होतं? आणि वहीत काय लिहिता, विकले किती की मागितले किती?

पार्लेकरीण

३५ रुपयांना एक. नारळ, गूळ, पिठी, तूप, खोका धरून ९ रुपये, आणि वळणाऱ्या बायकांना नगामागे ५. म्हणजे १४. भाडं आणि काउंटरवरच्या मुलाचा पगार यात नाही, धरायचा का? उरलेले बायका घरी नेतात, गल्ल्यात शून्य. वहीत फक्त विकलेले.

आकडेमोड्या

भाडं-पगार धरू नका. मोदक शंभर करा नाहीतर दोनशे, घरमालक तेवढेच घेणार. वळणाऱ्या बायका रोजावर असत्या तर ते ५ रुपयेही सोडून दिले असते. नगावर आहेत म्हणून धरायचे.

आता एकेका मोदकाचा विचार करा. समजा १४० करायचे नक्की आहे. १४१ वा करावा का? खपला तर २१ रुपये सुटतात, राहिला तर १४ बुडतात. तो खपण्याची शक्यता निम्मी असेल तर साडेदहा मिळतात, सात जातात, म्हणजे करावा. शक्यता ४० टक्क्यांवर आली की मिळणारे ८.४० आणि जाणारेही ८.४०. तिथे थांबायचं. याचा अर्थ, शंभरातल्या ६० दिवशी सगळ्यांना पुरतील आणि ४० दिवशी संपतील एवढे मोदक करायचे. सूत्रात मांडायचं तर २१ भागिले (२१ + १४), बरोबर ०.६०.

पुन्हा वाचा: ४० दिवशी मोदक संपणं ही चूक नाही, तो हिशोबाचाच भाग आहे. आणि या सगळ्यात सरासरी कुठेही आली नाही. मोदक कमी पडल्याने होणारं नुकसान आणि उरल्याने होणारं नुकसान सारखं असतं, तर मधला आकडा चालला असता. इथे एक २१ चं आहे, एक १४ चं.

गिरगावचा नाना

पवईला ही विद्या १९६३ पासून शिकवतात. तेव्हा ती संस्था निटी होती, २०२३ पासून आयआयएम मुंबई झाली. एवढ्या वर्षांत तिथल्या कुणी उकड काढली असेल तर सांगा. अहो, काकूंचा हात बसलेला आहे, हवा बघून सांगतील त्या. एक्सेल बंद करा आणि त्यांना विचारा.

आकडेमोड्या

नाना, उकड त्यांनीच काढायची आहे, त्यावर वाद नाही. पण काल उरले म्हणून आज कमी, ही सवय काकूंची एकटीची नाही. श्वाइत्झर आणि काशाँ यांनी २००० साली हाच खेळ एमबीएच्या विद्यार्थ्यांना खेळायला दिला होता. नफा, खर्च, मागणीचा अंदाज सगळं समोर मांडून. तरी नफा जास्त असलेल्या मालात लोकांनी हवा त्यापेक्षा कमी मागवला, नफा कमी असलेल्यात जास्त मागवला. सगळ्यांची ओढ मधल्या आकड्याकडे, आणि आदल्या फेरीच्या मागणीमागे धावणंही दिसलं. कालच्या एका दिवसावरून उद्याचं फारसं कळत नाही. काल पाऊस होता एवढंच कळतं.

काकूंचा उपयोग दुसरीकडे आहे. वहीत नसलेलं त्यांना माहीत असतं: समोरच्या शाळेत स्नेहसंमेलन आहे, पलीकडच्या सोसायटीत सत्यनारायण आहे. ते त्यांनी सांगायचं, तेवढ्यापुरता आकडा हलवायचा.

मोगरा

मी संख्याशास्त्र शिकवते. मूळ धाग्यातली खरी गोम त्या ११० मध्ये आहे, तिकडे कुणाचं लक्ष गेलेलं नाही.

वहीत विक्री आहे, मागणी नाही. ज्या दिवशी १२० केले आणि सात वाजता संपले, त्या दिवशी वही १२० म्हणते. नंतर आलेली माणसं कुठेच लिहिलेली नाहीत. म्हणजे मावसभावाची सरासरी मुळातच खाली ओढलेली आहे. आता रोज ११० करायला लागा. विक्री ११० च्या वर जाऊच शकत नाही, खाली मात्र जाईल. दोन-तीन महिन्यांनी तो पुन्हा सरासरी काढेल, ती समजा १०० येईल. मग १०० करतील. पुढच्या खेपेला ९२. दर वेळी एक्सेलचं गणित अगदी बरोबर, उरलेला माल कमी कमी, घरात सगळे खूश, आणि धंदा आटत चाललेला. यात कुणाला काही चुकतंय असं वाटणारही नाही.

उपाय स्वस्त आहे. मोदक किती वाजता संपले ते लिहायला लागा. ज्या दिवशी उरतात त्या दिवशीच्या बिलांवरून सात वाजेपर्यंत दिवसाच्या एकूण विक्रीचा किती हिस्सा होतो ते काढा. समजा ७० टक्के होतो. मग सातला संपलेले १२० म्हणजे दिवसाची मागणी १७० च्या आसपास. ढोबळ आहे, कारण मोदक लवकर संपतात तो दिवस मुळातच वेगळा असू शकतो. पण १२० पेक्षा खूपच बरं.

याहून नेटकी रीत कापलान आणि मायर यांनी १९५८ मध्ये दिली, ती रुग्ण किती काळ जगतात याच्या अभ्यासात वापरतात. तिथेही हीच अडचण: अभ्यास संपला तेव्हा जिवंत असलेल्याचं आयुष्य किती? ‘निदान एवढं’ इतकंच माहीत असतं. मोदक संपलेल्या दिवसाची मागणीही ‘निदान १२०’. मावसभावाला म्हणावं, हे करून बघ, एमबीए सार्थकी लागेल.

आणि संकष्टीचे दिवस बाजूला काढा हो! ते साध्या दिवसांत मिसळले की दोन्हींचा आकडा बिघडतो.

पार्लेकरीण

बाप रे. जुनी बिलं संगणकात आहेत, त्यावर वेळ असते. बसते घेऊन.

संकष्टी मिसळलेलीच होती. त्या दिवशी उपास सोडायला चंद्रोदयाआधी झुंबड उडते. अंगारकीला तर विचारू नका, दादरला सिद्धिविनायकाहून परतणारेही येतात.

आकडेमोड्या

संकष्टीला अंदाज कशाला बांधायचा? तिथी कॅलेंडरवर छापलेली असते. दोन दिवस आधीपासून आगाऊ पैसे घेऊन नावं लिहून घ्या. जेवढे नोंदवले तेवढ्यांचा प्रश्नच मिटला, आकडेमोड उरली ती फक्त ऐन वेळी येणाऱ्यांसाठी.

रोजच्यासाठी एक सुचवतो. सगळे मोदक एकदम का वळता? सारण फ्रीजमध्ये राहतं, वेळ खातो तो वळण्यात. दुपारी समजा १०० वळा, साडेपाचला काउंटरवर किती गेले ते बघा आणि दुसरा घाणा त्यावरून ठरवा. तोवर दिवस कसा आहे ते बरंचसं कळलेलं असतं. हे जमलं तर माझ्या सूत्रापेक्षा जास्त पैसे वाचतील.

गिरगावचा नाना

हे पटलं. आमची आई सणाला असंच करायची, पाहुणे बघून दुसरा घाणा. तिला कुणी एजवर्थ सांगितला नव्हता.

अवांतर: पार्ल्यात गुळाच्या सारणात खसखस घालता की नाही?

पार्लेकरीण

नाना, घालतो.

बायका सहापर्यंतच थांबतात, पण दोघींना उशिरा यायला सांगता येईल. दुसरी शंका. दोन्ही दुकानांचे मोदक एकत्र धरले तर कमी लागतील असं भाऊ म्हणतो. एकीकडे उरले की दुसरीकडे पाठवायचे.

मोगरा

तत्त्व खरं आहे. दोन्हीकडची मागणी २०-२० ने खाली-वर होत असेल आणि एकमेकींशी संबंध नसेल, तर एकत्र मागणी ४० ने नाही, सुमारे २८ नेच हलते. वर्गमूळ काढायचं: ४०० अधिक ४००. पण ‘संबंध नसेल’ ही अट तुमच्याकडे कुठे पाळली जाते? पाऊस पार्ल्यात पडतो तसा दादरलाही पडतो, गाड्या बंद झाल्या की दोन्ही दुकानं रिकामी, संकष्टी तर अख्ख्या मुंबईची. दोन्ही दुकानं एकदम चढणार, एकदम उतरणार. मग एकत्र धरून फारसं हाताला लागत नाही.

शिवाय संध्याकाळच्या बोरिवली स्लोमध्ये दादरला मोदकांचा डबा घेऊन चढणार कोण? मुखऱ्या शाबूत राहिल्या तर मला कळवा.

पार्लेकरीण

बिलं चाळली. भाऊही बसला होता, पहिल्यांदा फुरंगटला, मग त्यानेच सगळं पुन्हा केलं. संकष्टी वगळून, संपल्याच्या वेळेवरून मागणी सुधारून, पार्ल्यात शंभरात ६० दिवस मागणी १५० किंवा कमी निघते. ९० टक्के धरलं तर १९०. म्हणजे ११० काही खरं नव्हतं.

आता मावशी. १५० सांगितले तर म्हणते, “चाळीस दिवस लोकांना परत पाठवणार तुम्ही?” तिला १९० च हवेत. तिला काय सांगू?

आकडेमोड्या

त्या चूक आहेत असं सांगू नका, कदाचित नसतीलही. त्यांच्या आकड्याची किंमत काढून द्या. १९० म्हणजे ९० टक्के. कमी पडण्याचं नुकसान किती धरलं की सूत्रातून ०.९० येतं? १२६ रुपये: १२६ भागिले (१२६ + १४). मोदकातला नफा २१ च आहे. म्हणजे मोदक न मिळाल्याने होणारं बाकीचं नुकसान मावशी १०५ रुपयांचं धरताहेत. तोच माणूस पोळ्या-भाजी न घेता गेला, पुन्हा आला नाही, शेजारणीला सांगितलं, हे सगळं त्यात आलं. मावशींना एवढंच विचारा, रिकाम्या हाताने गेलेल्या माणसामागे १०५ रुपये जातात का?

आणि एक, आगाऊपणा वाटला तर सोडून द्या. उरलेले मोदक रात्री ताटात दिसतात, परत गेलेली माणसं दिसत नाहीत. मावशी उरल्यावर ओरडतात, संपल्यावर कुणाला बोलतात का? काकू शहाण्या असतील तर दोनशे सांगितले तरी कमीच करतील. आकडा ठरला की त्या आकड्याइतके करून उरले तर बोलायचं नाही, हे मावशींकडून आधी कबूल करून घ्या.

पार्लेकरीण

विचारलं. मावशीने जरा वेळ घेतला आणि म्हणाली, “पार्ल्यात जातात, दादरला नाही.” पार्ल्यात तीच तीच माणसं, मोदक नाही मिळाले तर तोंड वाकडं करून भाजीही दुसरीकडून घेतात. दादरला गाडी पकडायच्या घाईत असलेली माणसं, मिळालं तर घेतील, नाहीतर पुढे. म्हणजे दोन दुकानांना दोन आकडे?

आकडेमोड्या

हो. पार्ल्याला ९० टक्के, दादरला ६०. दादरचा आकडा दादरच्या बिलांवरून काढा, पार्ल्याच्या निम्मे वगैरे करू नका. श्रावण ते अनंत चतुर्दशी वेगळं धरा. आणि दिवाळीनंतर पुन्हा तपासा, तोवर संपल्याच्या वेळा लिहिलेल्या हव्यात.

पार्लेकरीण

काउंटरवरच्या मुलाला सांगितलंय, संपल्याची वेळ आणि नंतर कुणी विचारलं तर वहीत एक रेघ. तो म्हणतो, एकच आजोबा तीनदा विचारून गेले तर किती रेघा?

मोगरा

एक.