कॅशवर केलेलं काम ग्रीन कार्डच्या अर्जात सांगावं का?

जर्सीचा_मावळा: मावसभाऊ एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसावर) असताना एडिसनजवळच्या एका हॉटेलात शनिवार-रविवार कॅशवर भांडी घासायचा. आता बायको अमेरिकन सिटिझन आहे, आय-४८५, म्हणजे ग्रीन कार्डचा अर्ज, भरायचाय. फॉर्म सरळ विचारतो, परवानगीशिवाय कधी काम केलंत का? ओळखीतले निम्मे लोक म्हणतात, 'नाही' ठोक. मी म्हणतो, 'हो' लिही. रीतसर व्हिसावर आलेल्या सिटिझनच्या जोडीदाराचा अर्ज या कारणावरून अडत नाही. मग लपवायचं कशाला?

कोकणी_खवचट: कॅशला ना डब्ल्यू-२ (वर्षाच्या पगाराचा टॅक्स फॉर्म), ना पे-स्टब (पगाराची पावती). ऑफिसरला काय स्वप्न पडणार आहे? आपल्याच पायावर धोंडा मारून घ्यायची हौस!

जर्सीचा_मावळा: मुलाखत शपथेवर असते, दादा. "तेव्हा भाडं कुठून भरलंत?" एवढं विचारलं तरी घाम फुटतो. खोटं पकडलं तर जन्मभराची बंदी लागू शकते. मग आय-६०१, म्हणजे बंदीतून माफीचा (वेव्हरचा) अर्ज, भरा आणि बायकोचे अतोनात हाल होतील हे कागदोपत्री सिद्ध करत बसा. 'ती माहिती निर्णायक नव्हती' असं वकील भांडेलही, पण त्याची फी कोण देणार?

पेठेतली_काकू: सगळ्यांच्या बायका सिटिझन नसतात हो. नोकरीतून अर्ज करणाऱ्याला शेवटच्या कायदेशीर प्रवेशापासून एकूण १८० दिवसांपर्यंतच्या अशा कामाला माफी आहे. भावाने स्पॉन्सर केलेल्याला तीही नाही. वर्षानुवर्षं रांगेत थांबलेल्याला 'खरं लिही' म्हणणं सोपंय. नकार त्याच्या हातात पडतो, तुमच्या नाही.

जर्सीचा_मावळा: काकू, हे मान्य. पण ही अट अमेरिकेत बसून अर्ज करणाऱ्यांना आहे. मुंबईच्या कॉन्सुलेटमधून गेलं तर नुसत्या कामावरून अडवत नाहीत. फक्त निघण्याआधी ओव्हरस्टे (मुदतीपलीकडचा मुक्काम) मोजा: १८० दिवसांच्या वर गेला तर ३ वर्षं बाहेर, वर्षभर झाला तर १०.

रात्रपाळी: कॅशवर होता ते एका परीने बरं. माझ्या रूममेटने आय-९ वर (नोकरीला लागताना कामाचा हक्क दाखवायचा फॉर्म) 'सिटिझन'च्या चौकटीत खूण केली होती. ग्रीन कार्डसाठी त्याला वेव्हरच नाही, लग्न कुणाशीही करा.

कोकणी_खवचट: आणि ज्या शेठने किमान वेतनही न देता राबवलं, तो आजही गल्ल्यावर बसलाय. त्याला कुठला फॉर्म विचारतो?

जर्सीचा_मावळा: त्या शेठबद्दल तुमच्याशी वाद नाही. @रात्रपाळी, आय-९ चं लक्षातच आलं नव्हतं. वकिलाकडे जाण्याआधी भावाला तेच विचारतो.