मदत हवी आहे : उन्हाळी सुट्टीत शिक्षणशास्त्र आणि शालेय समुपदेशनाचे अभ्यासक्रम कसे बसवावेत?

सर्वांना नमस्कार. मी सोलापुरातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत शिक्षिका असून, नोकरी सांभाळून शिक्षणशास्त्रातील पदव्युत्तर पदवी आणि शालेय समुपदेशनाची पदविका घेण्याचा माझा विचार आहे. मे महिन्यापासून जूनच्या मध्यापर्यंतची सुट्टी हाच काय तो सलग वेळ हाती असतो, आणि त्यातलेही काही दिवस शाळेच्या कामात जातात.

एम.एड. दोन वर्षांचे झाल्यापासून ते रजेशिवाय जमण्यासारखे राहिलेले नाही. म्हणून मुक्त विद्यापीठातून एम.ए. (शिक्षणशास्त्र) करावे, असे जवळजवळ ठरले आहे. खरा पेच समुपदेशनाचा आहे. एनसीईआरटीच्या (राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद) मार्गदर्शन व समुपदेशन पदविकेत सहा महिने दूरस्थ अध्ययन, तीन महिने प्रत्यक्ष वर्ग आणि तीन महिने आंतरवासिता (प्रत्यक्ष कामाचा सराव) असते, आणि महाराष्ट्रासाठीचे केंद्र म्हणजे भोपाळची प्रादेशिक शिक्षण संस्था. हे वर्ग कोणत्याही उन्हाळी सुट्टीत मावणारे नाहीत. केवळ ऑनलाइन प्रमाणपत्रावर, प्रत्यक्ष सरावाशिवाय, मुलांसमोर समुपदेशक म्हणून बसणे मला पटत नाही.

आपल्यापैकी कोणी अनुदानित शाळेत असताना ही पदविका पूर्ण केली असल्यास, प्रत्यक्ष वर्गांसाठी कोणत्या प्रकारची रजा मंजूर झाली आणि शाळेच्या संस्थेकडे रजेचा अर्ज किती आधी द्यावा लागला, हे कृपया कळवावे. एकाच वेळी दोन अभ्यासक्रमांना विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये मुभा दिली आहे. तरीही आधी एम.ए. संपवणे शहाणपणाचे ठरेल का?