लॉगिन न केलेल्या गिऱ्हाइकाची कार्ट कुठे ठेवावी?

इतवारी_पीएचपी
इतवारीतल्या एका दुकानाची साइट आहे, संत्रा बर्फी नि सावजी मसाले. पीएचपी, मायएसक्यूएल. लॉगिनशिवाय कार्ट भरता येते आणि ती सेशनमध्ये (सर्व्हरवरच्या त्या भेटीच्या तात्पुरत्या नोंदीत) राहते. गिऱ्हाईक जेवून परत आलं की कधी कार्ट असते, कधी रिकामी. सगळं लोकलस्टोरेजमध्ये (गिऱ्हाइकाच्या ब्राउझरमधल्या साठ्यात) टाकून मोकळं व्हावं का?

सदर_बॅकएंड
भाऊ, पीएचपीच्या सेशनची मुदत मुळात १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं. जुन्या फायलींची सफाई दर रिक्वेस्टला होत नाही, म्हणून कधी टिकते, कधी जाते. ब्राउझर बंद केला तर सेशनची कुकीही (सेशन ओळखायची ब्राउझरमधली छोटी नोंद) जाते.

लोकलस्टोरेज नको. सफारीत साइटशी ७ दिवस संबंध आला नाही तर ते पुसलं जातं. शिवाय तिथला भाव कोणीही बदलू शकतं.

डेटाबेसमध्ये दोन टेबलं करा: कार्ट आणि कार्टमधल्या वस्तू. १६ रँडम बाइटचं टोकन (कार्टची गुप्त खूण) बनवा, ३० दिवसांच्या कुकीत ठेवा (एचटीटीपीओन्ली: जावास्क्रिप्टला वाचता येत नाही; सिक्युअर: फक्त एचटीटीपीएसवर जाते; सेमसाइट लॅक्स: दुसऱ्या साइटवरून आलेल्या बहुतेक रिक्वेस्टसोबत जात नाही). टेबलात टोकनचा फक्त एसएचए-२५६ हॅश (ज्यावरून मूळ टोकन काढता येत नाही असा ठसा). वस्तूंच्या ओळीत व्हेरिएंटचा (वस्तूच्या नेमक्या प्रकाराचा) आयडी आणि नग, बस. भाव दरवेळी प्रॉडक्ट टेबलातून. कार्ट आणि व्हेरिएंट या जोडीवर युनिक की (तीच जोडी दुसऱ्यांदा येऊ न देणारा नियम) लावा, नाहीतर बटण दोनदा दाबलं की एकाच बर्फीच्या दोन ओळी दिसतील.

कार्टची ओळ पहिली वस्तू टाकल्यावरच तयार करा. पान उघडताच केली तर बॉट टेबल भरून टाकतात.

इतवारी_पीएचपी
आणि नंतर लॉगिन केलं तर? टोकनऐवजी सेशन आयडीच वापरला तर नाही चालणार?

सदर_बॅकएंड
नाही. लॉगिनला सेशन आयडी बदलायलाच हवा, सुरक्षेसाठी. मग जुन्या आयडीवरची कार्ट अनाथ.

लॉगिनआधीची पाहुणी कार्ट आणि खात्यातली कार्ट एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे बदल होतील किंवा एकही नाही, असं) जोडा. तीच वस्तू दोन्हीकडे असेल तर बेरीज करू नका, मोठा आकडा घ्या. खात्यात २ डबे आधीच आहेत हे विसरून माणूस पुन्हा २ टाकतो, आणि बिलात ४ दिसले की चिडतो. मग पाहुणी कार्ट नि तिची कुकी दोन्ही काढा. सायबर कॅफेत पुढच्याला मागच्याची कार्ट दिसायला नको.

धरमपेठ_३६
एक राहिलं. बरेच पेमेंट गेटवे पैसे भरल्यावर गिऱ्हाइकाच्या ब्राउझरमधून तुमच्या पत्त्यावर पोस्ट रिक्वेस्ट (माहिती पाठवणारी) करतात, आणि दुसऱ्या साइटवरून आलेल्या पोस्टसोबत लॅक्स कुकी येत नाही. मग "कार्ट रिकामी आहे" असं पान दिसतं, पैसे मात्र कटलेले! पण तेवढ्यासाठी कुकी सेमसाइट नन (सगळीकडून येणारी) करू नका. गेटवेकडे धाडण्याआधीच ऑर्डर तयार करा, परतल्यावर गेटवेची डिजिटल सही तपासून ऑर्डर क्रमांकावरून ती शोधा, मग ३०३ ने (ब्राउझरला गेट रिक्वेस्टने दुसरं पान उघडायला लावणारं उत्तर) आपल्याच पानावर वळवा. त्या गेट रिक्वेस्टला कुकी येते.

पानं कॅश करत असाल (तयार प्रत साठवून सगळ्यांना देत असाल) तर कुकी देणारा रिस्पॉन्स कॅशमध्ये जाऊ देऊ नका. एकच टोकन दोघांना गेलं की दोघांची कार्ट एक.

जुन्या कार्ट रात्री क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) काढा, हजार-हजारच्या तुकड्यांनी. शेवटच्या बदलाच्या तारखेवर इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) हवा.