घरच्या रेकॉर्डिंगसाठी बाहेरचा प्रोसेसर घ्यावा की प्लगइन? (मदत हवी आहे)

काळीचार:
दादरला १० बाय १२ ची खोली, खिडकी रस्त्यावर. भावगीतं आणि अभंग रेकॉर्ड करायचे आहेत. पेटी गातानाच वाजवते, तबला नंतर वेगळ्या ट्रॅकवर येतो. सामान: फोकसराइट स्कार्लेट सोलो (माइक लॅपटॉपला जोडणारा इंटरफेस), ऑडिओ-टेक्निका एटी२०२० माइक, ८ जीबी रॅमचा विंडोज लॅपटॉप, रीपर (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर). अडचणी तीन: हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येतो, पंख्याची घरघर येते आणि तबला लावला की गळा मागे पडतो. बजेट २०,००० रुपये. डीबीएक्स २८६एस हा बाहेरचा प्रोसेसर घेऊ, डीएसपीवाला (स्वतःच्या चिपवर इफेक्ट चालवणारा) इंटरफेस घेऊ की प्लगइनचा (रीपरमध्ये चालणाऱ्या इफेक्टचा) एखादा संच?

मंद्रसप्तक:
इतक्यात काहीच घेऊ नका. तिन्ही अडचणींची कारणं वेगळी आहेत आणि त्यातली एकही २८६एसने सुटत नाही.

आधी उशीर. रीपरच्या ऑडिओ डिव्हाइस सेटिंगमध्ये एएसआयओ (कमी उशिराची ड्रायव्हर पद्धत) आणि फोकसराइटचाच ड्रायव्हर निवडलाय ना, ते बघा. ४८ किलोहर्ट्झवर ५१२ सॅम्पलचा बफर (लॅपटॉप एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) म्हणजे एका बाजूने १०.७ मिलिसेकंद, जाऊन-येऊन २१ च्या वर, ड्रायव्हरचा वेळ त्यावर आणखी. ६४ वर ठेवलात तर तेच १.३ होतात, पण प्लगइन भरलेल्या प्रोजेक्टमध्ये लॅपटॉप दम टाकतो आणि कडकड ऐकू येते. त्यापेक्षा सोलोवरचं डायरेक्ट मॉनिटर (माइकचा आवाज लॅपटॉपला वळसा न घालता थेट हेडफोनला) चालू करा आणि रीपरमधलं त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करा. दोन्ही चालू राहिलं तर आवाज दुहेरी येतो. डीएसपीवाल्या इंटरफेसचा खरा फायदा म्हणजे गातानाच इफेक्टसकट, विनाउशीर ऐकू येणं. तेवढ्यासाठी अपोलो सोलो वगैरे तुमच्या बजेटबाहेरचं आहे, शिवाय त्या चिपवर त्याच घराण्याचे प्लगइन चालतात.

२८६एस वाईट नाही. प्रीअँप (माइकचा आवाज वाढवणारा), कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा), डी-एसर (स, श मऊ करणारा), एन्हान्सर आणि गेट एकाच डब्यात मिळतं. पण त्यातून गेलेला आवाज रेकॉर्डिंगमध्ये कायमचा तसाच बसतो, नंतर मागे घेता येत नाही. गेट पंखा काढत नाही, फक्त तुम्ही गप्प असताना दार लावतं. आलापाच्या शेवटी सूर बारीक होत जातो, तिथे नेमकी शेपूट कापली जाते. ज्यांच्याकडे तो आहे त्यांच्यासाठी: त्याचं आउटपुट सोलोच्या लाइन इनपुटला द्या, माइकच्या एक्सएलआरला नाही. एक्सएलआरला दिलं तर एका प्रीअँपवर दुसरा प्रीअँप चढतो.

चाळकरी:
घरघर आणि गुणगुण यांत गल्लत होतेय का, ते तपासा. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर दहा सेकंद रेकॉर्ड करा. आवाज गेला तर तो पंखा नव्हे, अर्थिंगचा घोळ. सगळं एकाच बोर्डवर लावा. अर्थची पिन मात्र तोडू नका. पंख्याचा रेग्युलेटर टप्प्याटप्प्याचा नसून सलग फिरणारा असेल तर त्यातूनही चिरचिर येते. पूर्ण वेगावर ती बहुधा कमी होते.

मंद्रसप्तक:
बरोबर. आता खरी गोम माइकच्या दिशेत आहे. एटी२०२० कार्डिऑइड आहे, म्हणजे समोरून जास्त आणि पाठीमागून सर्वात कमी ऐकतो. तो पेटीच्या वर ठेवून खालून तोंडाकडे रोखलात तर पेटी माइकच्या पाठीमागे जाते आणि गळा पुढे येतो. पण तेव्हा माइकचं तोंड थेट छताच्या पंख्याकडे असतं! म्हणून टेकपुरता पंखा बंद, किंवा बसायची जागा पंख्याखालून हलवा. ओठांपासून अंतर एक वीत, मध्ये पॉप फिल्टर, पाठीमागे जाड गोधडी. गेन (सोलोवरची आवाज वाढवायची कळ) इतकाच ठेवा की तारसप्तकात मीटर उणे १० डेसिबलच्या वर जाणार नाही. २४ बिटमध्ये तेवढं पुरतं.

उरलेल्या घरघरीसाठी रीपरमधलाच रीआफिर हा प्लगइन. मोड सबट्रॅक्ट करा, नॉइज प्रोफाइल आपोआप बनवण्याची खूण करा, गाणं सुरू होण्याआधीची दोन-तीन सेकंद वाजवा आणि मग ती खूण काढा. खूण राहिली तर तो गळाही गोंगाट समजून खातो. जास्त वजा केलं की आवाज पाण्यातून आल्यासारखा होतो, तेव्हा वक्र थोडा खाली ओढा.

काळीचार:
आणि गळा मागे पडतो त्याचं? सूर काळी चार (पेटीची चौथी काळी पट्टी) आहे.

मंद्रसप्तक:
काळी चारचा मध्य षड्ज साधारण २०८ हर्ट्झ, मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) १५६. त्यामुळे फक्त गळा असेल तर रीईक्यू या रीपरच्या प्लगइनचा हाय-पास (ठरावीक हर्ट्झच्या खालचा आवाज कापणारा) १२० पर्यंत नेता येतो. तुमच्या ट्रॅकवर पेटीही आहे आणि तिचा खर्ज (खालचा सा) १०४ ला, म्हणून ९० वर थांबा. मग रीकॉम्प (रीपरचा कॉम्प्रेसर): रेशो ३, अटॅक १५ मिलिसेकंद, रिलीज १२०, जोराच्या जागी ४-५ डेसिबल कपात. इथे एक मेख आहे. पेटी त्याच ट्रॅकवर असल्याने दोन ओळींच्या मध्ये ती फुगते. शक्य असेल तर पेटी आधी वेगळी घ्या, नाहीतर कॉम्प्रेसर अर्धा करून व्हॉल्यूम हातानेच ओळीगणिक वरखाली करा. तबल्याच्या ट्रॅकवर ३ किलोहर्ट्झच्या आसपास २ डेसिबल कमी केलेत तर शब्द मोकळे होतात. स, श टोचत असतील तर टीडीआर नोव्हा या प्लगइनची फुकट आवृत्ती ६-७ किलोहर्ट्झवर डी-एसरसारखी लावा.

पिच सुधारणारं काही लावणार असाल तर मींडेच्या (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याच्या) जागा वगळा. मींड पायऱ्यांची होते.

काळीचार:
डायरेक्ट मॉनिटरवर आवाज एकदम कोरडा येतो, गाताना सूर लागत नाही.

मंद्रसप्तक:
रिव्हर्बचा (गुंजनाच्या इफेक्टचा) वेगळा ट्रॅक करा, त्यावर रीपरचा रीव्हर्बेट, वेट (इफेक्टचा आवाज) पूर्ण, ड्राय (मूळ आवाज) शून्य. गळ्याच्या ट्रॅकचं मॉनिटरिंग परत चालू करा, पण त्याचा मास्टर सेंड (मुख्य आउटपुटकडे जाणारी वाट) बंद करून फक्त रिव्हर्बकडे सेंड द्या. कोरडा आवाज इंटरफेसमधून लगेच येतो, रिव्हर्ब दहा-वीस मिलिसेकंद मागून. तो उशीर खटकत नाही, उलट बरा वाटतो. व्हॅलहाला सुपरमॅसिव्ह हा रिव्हर्बही फुकट आहे, पण त्याच्या अवाढव्य गुंजनात भावगीताचे शब्द बुडतात.

पैसे खर्च करायचेच असतील तर बंद पाठीचे हेडफोन, जड बुडाचा स्टँड आणि खिडकीला जाड पडदा. केबल लॅमिंग्टन रोडवर मापाने करून मिळतात. पावसाळ्यात माइक सिलिका जेल टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, दमट कॅप्सूल (माइकमधला आवाज टिपणारा भाग) फटफटते.