ऋण दाबाचा वायू विश्व फुगवतो कसा?

मृगशीर्ष: चॅप्लिगिन गॅस, म्हणजे विश्वाच्या प्रसरणासाठी सुचवलेल्या एका वायूबद्दल वाचतोय आणि सुरुवातीलाच अडकलोय. याचा दाब ऋण असतो म्हणे आणि म्हणून विश्वाचं प्रसरण वेग घेतं. पण ऋण दाब म्हणजे ताणच ना, ताणलेलं रबर तर आत खेचतं, मग विश्व आकसायला हवं! हे उलटं कसं होतं? आणि असा वायू खरंच आहे का कुठे?

शून्यबिंदू: रबराचं बरोबरच आहे तुझं. पण दाब ढकलतो किंवा खेचतो तो दोन बाजूंना कमीजास्त असला तरच, आणि विश्वात तो सगळीकडे सारखा, त्यामुळे कोणी कोणाला खेचत नाही. उरतं ते गुरुत्व. आइन्स्टाइनच्या समीकरणात गुरुत्व नुसत्या घनतेवर ठरत नाही, ऊर्जेची घनता अधिक दाबाची तिप्पट अशी बेरीज येते. दाब घनतेच्या उणे एक तृतीयांशाच्याही खाली गेला की बेरीज उणे, आणि गुरुत्वच दूर लोटायला लागतं. रबराचा ताण त्याच्या वस्तुमानातल्या ऊर्जेपुढे इतका किरकोळ असतो की हा परिणाम जाणवतच नाही.

पिस्टनचा विचार करून बघ. आत असं काहीतरी भरलंय जे पिस्टन ओढला तरी विरळ होत नाही. जागा वाढली, घनता तीच, म्हणजे आतली ऊर्जा वाढली, ती कुठून आली तर तुझ्या हातातून, तुला जोर लावून ओढावं लागलं. हाच ऋण दाब. मला स्वतःला हे इथेच पटलं.

उल्कापात: चॅप्लिगिन या रशियन शास्त्रज्ञाने या वायूचं सूत्र १९०४ मध्ये हवेच्या प्रवाहांसाठी मांडलं होतं, विश्वाशी काही संबंध नव्हता. दाब म्हणजे ठरावीक स्थिरांक भागिले घनता, आणि पुढे उणे चिन्ह. २००१ मध्ये कामेन्शिक, मोशेला आणि पास्किए यांनी ते विश्वाला लावलं. सुंदर गोष्ट अशी की विश्व दाट होतं तेव्हा दाब नगण्य, म्हणजे हा वायू डार्क मॅटरसारखा (न दिसणारा, फक्त गुरुत्वाने जाणवणारा पदार्थ) वागतो, आणि विरळ झाल्यावर डार्क एनर्जीसारखा (प्रसरणाला वेग देणारी अज्ञात ऊर्जा), दोन कोडी एकाच द्रवात!

मृगशीर्ष: धन्यवाद दोघांनाही, पिस्टनने डोक्यात प्रकाश पडला. मग हेच का मानत नाहीत?

उल्कापात: ध्वनीमुळे. घनता घटते तसा यातला ध्वनीचा वेग वाढत जातो, मग दाबाच्या लाटा पदार्थाचे गोळे जमू देत नाहीत आणि दीर्घिकांच्या वाटपात मोठे हेलकावे दिसायला हवेत. तसे दिसत नाहीत. २००४ मध्ये सँडविक, टेगमार्क वगैरेंनी हे दाखवलं. सूत्रात घनतेचा घात बदलून वाचवायला गेलं तर तो जवळजवळ शून्य धरावा लागतो, आणि मग उरतो तो नेहमीचाच कॉस्मॉलॉजिकल कॉन्स्टंट, म्हणजे घनता कधीच न बदलणारी डार्क एनर्जी.