इंजिन गरम झालं की घाटात नॉकिंग, थंड थर्मोस्टॅट टाकू का?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. गाडी १.२ लिटर पेट्रोल, टर्बो नाही. सकाळी चेंबूर ते अंधेरी एकदम शांत चालते, पण दुपारी सायन-पनवेलला एसी लावून ट्रॅफिकमध्ये रखडलो आणि पुढे खोपोलीनंतर घाट लागला, गाडीत चार जण, तिसरा गिअर, की अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज येतो. दुसऱ्यात टाकली की जातो. ओबीडी अ‍ॅपवर (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे फोनवर दाखवणारं) कूलंट एरवी ९० च्या आसपास असतं, तेव्हा १०३-१०४ दाखवतं, इनटेक एअर पण ५५ च्या वर.

हा आवाज म्हणजेच नॉकिंग, मला कळतं ते असं की स्पार्कनंतर ज्वाला पसरते तेव्हा कोपऱ्यात उरलेलं मिश्रण दाबलं जातं, आणि हेड, भिंती, आत येणारी हवा सगळंच तापलेलं असेल तर ते ज्वाला पोचायच्या आधी आपोआप पेटतं. मग टेंपरेचर कमी केलं की झालं ना? मेकॅनिक म्हणतो ७६ डिग्रीचा थर्मोस्टॅट (त्या तापमानाला उघडून कूलंट रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) टाक नाहीतर काढूनच टाक. मला ते पटत नाहीये. आणि नॉक सेन्सर (नॉकिंग ओळखणारा) असताना आवाज येतोच कसा? पिस्टनची काळजी वाटतेय, कृपया सांगा.

प्रतिसाद:
काढू नका दादा. १०४ ला तुमचा थर्मोस्टॅट आधीच पूर्ण उघडलेला असणार, त्यामुळे ७६ चा टाकून घाटात काडीचा फरक पडणार नाही, उलट रोजच्या छोट्या फेऱ्यांत इंजिन नीट तापणार नाही, पेट्रोल जास्त जाईल, ऑइलमधलं पाणी उडणार नाही. उष्णता बाहेर का जात नाही ते शोधा. एसी कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधे कचरा बसतो, तो समोरून दिसतच नाही, काढून धुवायला लागतो. फॅनचा हाय स्पीड, रेडिएटर कॅप, वॉटर पंप बघा, आणि कूलंटमध्ये कुणी नळाचं पाणी टाकलंय का तेही. एअर फिल्टरचा पाईप सुटला असेल तर बॉनेटखालची गरम हवा ओढली जाते, ५५ वरून मला ती शंका जास्त येतेय.
नॉक सेन्सरमुळे टायमिंग मागे घेतलं जातं, म्हणजे स्पार्क थोडा उशिरा पडतो, पण त्यालाही मर्यादा आहे. प्लग योग्य हीट रेंजचे (म्हणजे उष्णता पुरेशी बाहेर काढणारे) आहेत ना, आत कार्बन साचलाय का तेही बघून घ्या. ९५ ऑक्टेन (आपोआप सहज न पेटणारं पेट्रोल) भरून आवाज बंद होईलही, पण गरम होणं तसंच राहील.
तोवर घाटात दुसराच गिअर ठेवा, आरपीएम वर राहिले की त्या मिश्रणाला पेटायला वेळच कमी मिळतो. आवाज येताना टायमिंग किती डिग्री दिसतं ते बघून इथे टाका.